रंगमंचावरील ॲम्प : मांडणी, निगा आणि दोषनिवारण

विजेच्या गिटारची तार छेडली असता तिच्या भरीव लाकडी देहातून जो नाद उमटतो तो शेजारच्या खोलीपर्यंतही धड पोहोचत नाही. श्रोत्यांच्या कानी पडते ते, तारेचे स्पंदन पिकअपने क्षीण विद्युत्-संकेतात रूपांतरित केल्यावर आणि केबलवाटे तो संकेत ॲम्पच्या स्वाधीन झाल्यावर, तेथील व्हॉल्व्ह अथवा ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर आणि कागदी शंकूचा स्पीकर या सर्वांनी मिळून घडविलेले असते. सबब ॲम्प हा गिटारबरोबर न्यावयाचा जोडजिन्नस नव्हे, तो त्या वाद्याचाच उत्तरार्ध होय. तबलजी आपली हातोडी स्वतःजवळ बाळगतो आणि सूर उतरला तर दुसऱ्या कोणाची वाट पाहत बसत नाही. परंतु तार बदलताना कमालीची काळजी घेणाऱ्या कित्येक गिटारवादकांना आपला ॲम्प किती ओहमच्या स्पीकरवर चालतो, त्याचा फ्यूज किती अँपिअरचा आहे, एवढेही सांगता येत नाही, आणि ऐन कार्यक्रमात तो मुका झाला म्हणजे वर्षानुवर्षांची मेहनत हात बांधून उभी राहते. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, लग्नाचे स्वागतसमारंभ, मुंबई-पुण्याची हॉटेले आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील शॅक अशा ठिकाणी वाजविणाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम शक्तीचा प्रश्न. वॉटचा आकडा दुप्पट झाला म्हणजे आवाज दुप्पट होतो, हा समज सार्वत्रिक असला तरी निराधार आहे. शक्ती दुप्पट केली तर ध्वनीची पातळी अवघी ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज खरोखर दुपटीने मोठा वाटावा यासाठी ती सुमारे दसपट करावी लागते. फेंडर कंपनीचा डीलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा आणि ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटचा. किंमत, वजन आणि वाहतुकीचा त्रास यांत मोठी तफावत, परंतु इतर गोष्टी समान धरल्यास पातळीतील अंतर सहा डेसिबलच्या आतबाहेर. उलट, एक वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर ९७ डेसिबल देणारा स्पीकर काढून १०० डेसिबल देणारा बसविला, तर ॲम्पची शक्ती दुप्पट केल्याचेच फळ पदरात पडते.

मोठ्या ॲम्पचा हा हव्यास निर्माण झाला त्याला ऐतिहासिक कारण आहे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे बीटल्स वाजले, तेव्हा त्यांच्यासाठी व्हॉक्स कंपनीने १०० वॉटचे ॲम्प सिद्ध केले होते; त्याच सुमारास 'द हू' या लंडनच्या मंडळींच्या मागणीवरून जिम मार्शल यांनी आपले १०० वॉटचे यंत्र घडविले. गिटारपुढे मायक्रोफोन ठेवून तिचा आवाज सभागृहाच्या ध्वनिक्षेपणातून सर्वत्र नेण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नसल्यामुळे साऱ्या मैदानाचा भार ॲम्पनेच वाहावा लागे. आज तो भार मिक्सर आणि मोठे स्पीकर वाहतात, आणि ॲम्पचे काम रंगमंचावरील चार-पाच जणांना ऐकू जाण्यापुरतेच उरते. माझा स्पष्ट अभिप्राय असा की, ढोलक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि गायक अशा संचात पुढे मायक्रोफोन मिळणार असेल, तर १५ ते ३० वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्प अथवा ६० ते १०० वॉटचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प कोणत्याही सभागृहास पुरेसा होतो. ज्याला दर वेळी निरनिराळ्या संचांबरोबर स्वच्छ स्वर हवा असतो, त्याने रोलँडचा जॅझ कोरस १२० वापरून पाहावा. १९७५ पासून आजतागायत तो बनत आहे, आणि त्यात व्हॉल्व्हच नसल्यामुळे प्रवासाची हानी त्याला कमी भोवते.

ॲम्प कोठे ठेवावा, याचा विचार बहुधा कोणी करीत नाही. बारा इंची स्पीकरचे उच्च स्वर समोरच्या सरळ रेषेत, एखाद्या झोताप्रमाणे जातात. ॲम्प जमिनीवर वादकाच्या पोटऱ्यांमागे असला, की तो झोत वादकाच्या कानाखालून निघून पहिल्या रांगेतील श्रोत्याच्या मुखावर आदळतो; वादकाला आपला स्वर मंद वाटतो, तो ट्रेबल आणि व्हॉल्यूम वाढवितो, आणि पुढचा श्रोता हैराण होतो. ॲम्प भक्कम खुर्चीवर वा रिकाम्या पेटीवर चढवावा, किंवा मागे कलता ठेवून त्याचे तोंड स्वतःच्या कानाकडे वळवावे, म्हणजे निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. मायक्रोफोन लावताना तो जाळीच्या अगदी जवळ, परंतु शंकूच्या मध्यबिंदूपासून थोडा कडेला धरावा. मध्यावर स्वर टोचरा येतो, कडेकडे सरकावे तसा तो मऊ होत जातो, आणि हे दोन-चार बोटांचे अंतर मिक्सरवरील कोणत्याही बटणापेक्षा अधिक परिणाम करते.

घरी सुरेल वाटणारी मांडणी रंगमंचावर नाहीशी होते, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. मंद आवाजात मानवी कानाला खर्जाचे आणि अतिउच्च स्वर कमी ऐकू येतात, म्हणून घरी वादक बेस व ट्रेबल चढवितो आणि मिडल उतरवितो. तीच मांडणी मोठ्या आवाजात आणली म्हणजे चढविलेला खर्ज बेस गिटार व ढोलकाच्या राज्यात घुसतो, ट्रेबल झांजांत हरवतो, आणि गिटारचे खरे ठिकाण जो मध्य, तोच रिकामा राहतो. कार्यक्रमापूर्वी बेस उतरवून मिडल चढवावा. एकट्याने ऐकताना तो स्वर किंचित नाकातला वाटेल, परंतु संचात तोच स्पष्ट उमटेल. कृत्रिम घुमाराही घरच्यापेक्षा कमी ठेवावा, कारण सभागृह आपला घुमारा स्वतःहून देते.

आता विजेकडे वळू, कारण आपल्याकडील ॲम्पच्या बहुतेक अनर्थांचे मूळ तेथे असते. मंडपातील वीज पुष्कळदा तीन फेजच्या जोडणीतून वा जनरेटरमधून येते. त्या जोडणीतील न्यूट्रलची तार सैल झाली वा तुटली, तर २३० व्होल्टच्या सॉकेटवर ४०० व्होल्टच्या घरात दाब चढू शकतो, आणि क्षणार्धात ॲम्प, कीबोर्ड, मिक्सर सारेच निकामी होते. म्हणून शे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर जवळ असावा आणि प्लग खोचण्यापूर्वी मंडळाच्या वायरमनसमक्ष खातरजमा करावी. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० च्या आसपास, निदान २०७ ते २५३ च्या दरम्यान आकडा आला पाहिजे. फेज आणि अर्थ यांमध्येही जवळपास तोच. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. तिसरा आकडा मोठा आला किंवा दुसरा भरकटला, तर अर्थिंग नाममात्र आहे असे समजून ते दुरुस्त होईपर्यंत वाद्य जोडू नये.

गुणगुण थांबते म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याची किंवा दोन पिनांच्या बोर्डात तीन पिनांचा प्लग कसाबसा बसविण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे, तिचा मी कठोर निषेध करतो. गिटारच्या तारा ॲम्पच्या लोखंडी पेटीशी जोडलेल्या असतात आणि गायकाचा मायक्रोफोन मिक्सरच्या पेटीशी. या दोन पेट्यांपैकी एकीत वीज उतरली आणि तिला जमिनीचा मार्ग नसला, तर गिटार हातात धरून मायक्रोफोनला ओठ लावणारा माणूस स्वतःच तो मार्ग होतो. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होताच रंगमंचावर मरण पावला. आपल्या मंडपांत पावसाने भिजलेल्या सतरंज्या आणि अनवाणी पाय यांची त्यात भर असते. गाण्यापूर्वी मल्टिमीटरची एक सळई तारेला आणि दुसरी मायक्रोफोनच्या जाळीला लावून पाहावी. दाब दिसला तर गाणे थांबवावे, मग संयोजक कितीही घाई करोत. गुणगुणीवर खरा उपाय हा की, ॲम्प, पेडल आणि शक्य तर मिक्सर यांना एकाच ठिकाणाहून आणि एकाच फेजवरून वीज द्यावी, आणि दिव्यांची जोडणी निराळ्या फेजवर ठेवावी.

परदेशाहून, विशेषतः अमेरिकेतून, नातेवाइकांकरवी आणलेल्या ॲम्पबाबत एक स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. तो ११० वा १२० व्होल्टचा असतो. मागे दाब बदलण्याचा स्विच नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो, आणि त्याची क्षमता ॲम्पच्या मागे छापलेल्या वीजवापराच्या दुपटीने असावी, कारण 'शंभर वॉटचा' व्हॉल्व्ह ॲम्प भिंतीतून तीनशे वॉटपर्यंत वीज ओढू शकतो. त्या ट्रान्सफॉर्मरमधून अर्थची तार पुढे जाते की नाही, हेही विक्रेत्यासमोरच तपासून घ्यावे.

विजेनंतर महत्त्व येते ते ओहमच्या जुळणीला. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर एकत्रित रोध ४ ओहम होतो, १६ ओहमचे दोन जोडले तर ८. हा हिशेब करून ॲम्पच्या मागील योग्य छिद्रात केबल घालावी. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता चालू करणे हा त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर अत्याचार आहे, आणि तो ट्रान्सफॉर्मर म्हणजे यंत्रातील सर्वांत महाग भागांपैकी एक. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला स्पीकर नसल्याचे भय सहसा नसते. त्याला भय असते नेमून दिलेल्यापेक्षा कमी ओहमचे. गिटारची केबल आणि स्पीकरची केबल यांची टोके एकसारखी दिसतात म्हणून एकीऐवजी दुसरी वापरण्याचा मोह होतो, पण गिटारच्या केबलची आतली तार बारीक असते आणि मोठ्या प्रवाहाने ती तापून वितळू शकते. दोन्हींवर निरनिराळ्या रंगांची पट्टी चिकटवावी.

मात्र हे सर्व करूनही ॲम्प बिघडतो. अशा वेळी घाबरून सगळ्याच केबली एकदम उपसणारा वादक दोष शोधण्याऐवजी त्याचे माग पुसून टाकीत असतो. क्रम ठेवावा. सर्व पेडल बाजूला सारून, खात्रीच्या एकाच केबलने गिटार थेट ॲम्पला जोडावी. आवाज आला तर ॲम्प निर्दोष, कसूर पेडलांत, त्यांच्या छोट्या केबलींत किंवा ९ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये. माझ्या मते रंगमंचावरील बहुसंख्य बिघाड येथेच संपतात. आवाज आला नाही आणि दिवा मात्र लागलेला आहे, तर स्टँडबाय स्विच आणि स्पीकरची केबल पाहावी. त्यानंतर मागील 'सेंड' (स्वर घडविणाऱ्या पहिल्या अर्ध्या भागातून बाहेर पडण्याचे) आणि 'रिटर्न' (शक्ती देणाऱ्या दुसऱ्या अर्ध्या भागात शिरण्याचे) ही छिद्रे एका लहान केबलने एकमेकांस जोडावीत. ज्या ॲम्पमध्ये ही सोय असते त्यात न वापरलेल्या छिद्रांतील पत्र्याच्या पट्ट्या गंजतात, आणि आवाज एकाएकी बसतो किंवा येतो-जातो. केबल जोडताच तो पूर्ववत झाला तर रोगाचे निदान झाले, आणि तो कार्यक्रम त्या केबलवरच निभावून न्यावा.

तरीही शांतता असेल, तर गिटार पेडलमार्फत थेट 'रिटर्न'मध्ये घालून पाहावी. आवाज आला म्हणजे शक्तीचा अर्धा भाग शाबूत असून दोष पहिल्या अर्ध्या भागात आहे, आणि एखादे प्री-ॲम्प पेडल जवळ असले तर कार्यक्रम वाचला. उलट, 'सेंड'मधून मिक्सरकडे केबल नेली असता तेथे स्वर आला, तर पहिला अर्धा भाग जिवंत आहे. साउंडवाल्याला ट्रेबल बराच उतरवावयास सांगून तेवढ्यावरही वेळ मारून नेता येते. स्पीकरच्या छिद्रातून मात्र मिक्सरकडे काहीही नेऊ नये, त्या दाबाने मिक्सरची हानी होईल.

गुणगुणीचे निदान कानानेच करता येते. आपल्या देशातील वीज ५० हर्ट्झची असल्याने, ॲम्पमधील वीज शुद्ध करणारे फिल्टर कपॅसिटर सुकले म्हणजे जी गुणगुण येते ती १०० हर्ट्झची असते, आणि गिटारच्या सहाव्या तारेवरील तिसऱ्या पडद्याचा 'जी' हा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. म्हणून तो स्वर छेडून गुणगुणीशी ताडून पाहावे. ती त्याला जवळजवळ मिळाली, आणि गिटारची केबल काढल्यावरही कायम राहिली, तर संशय कपॅसिटरवर घ्यावा व ॲम्प कारागिराकडे न्यावा. ती त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे ५० हर्ट्झची असेल, तर अर्थिंग, केबलची जाळी अथवा सिंगल कॉइल पिकअप यांपैकी काहीतरी कारण आहे. गिटार धरून स्वतःभोवती फिरल्यावर ती कमीजास्त होत असेल तर पिकअपच ती ओढून घेत आहे, आणि दिशा बदलून उभे राहणे हाच तत्काळ उपाय.

बटण फिरविताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरविल्याने जाते. न गेल्यास मागचा कपॅसिटर गळत असून बटणावर नको तो दाब येतो, हे समजावे. शीळ वा घंटेसारखा नाद येत असेल तर पेन्सिलीच्या लाकडी टोकाने लहान व्हॉल्व्हना एकेक हलका टिचका मारावा. जो स्पीकरमधून मोठ्याने उत्तर देईल तो दोषी. हे लहान व्हॉल्व्ह, बहुधा १२एएक्स७ जातीचे, ॲम्प बंद करून निवल्यावर सरळ उपटून नवे बसविता येतात. मोठ्या, म्हणजे ६एल६, ईएल३४ यांसारख्या व्हॉल्व्हचे तसे नाही. ते जुळलेल्या जोडीने बदलावे लागतात, आणि बऱ्याच ॲम्पमध्ये त्यानंतर बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या प्रवाहाला आवर घालणारा दाब, मुक्रर करून घ्यावा लागतो.

मोठ्या व्हॉल्व्हकडे अंधारात पाहण्याची सवय लावून घ्यावी. आतील तारेचा नारिंगी प्रकाश ही त्याची प्रकृती आहे, काचेलगतचा निळसर प्रकाशही निरुपद्रवी. पण आतील राखाडी पत्रा लाल होऊ लागला तर गाणे कोठेही पोहोचले असो, त्याच क्षणी वीज बंद करावी, कारण बायस नाहीसा झाला असून काही मिनिटांत व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जाईल. फ्यूज उडाल्यास त्याच आकड्याचा आणि त्याच जातीचा बसवावा. 'टी' अक्षराचा सावकाश वितळणारा आणि 'एफ' अक्षराचा शीघ्र वितळणारा. दुसराही तत्क्षणी उडाला तर तिसरा बसवू नये. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी हा उपाय नव्हे, ती आग लावण्याची पूर्वतयारी आहे.

ॲम्पची पेटी मात्र वादकाने उघडू नये, हे मी पुनःपुन्हा सांगेन. व्हॉल्व्हच्या ॲम्पमधील कपॅसिटरांत ४०० व्होल्ट वा त्याहून अधिक भार साठतो आणि प्लग काढल्यानंतरही बराच काळ टिकून राहू शकतो. तो प्राणघातक आहे. पेटीबाहेरून जे होईल ते आपण करावे, आतले ज्याने ती विद्या शिकली आहे त्याच्यावर सोपवावे.

निगेबाबत थोडेसे. कार्यक्रम संपताच तापलेला ॲम्प टेम्पोत चढवू नये. पंधरा-वीस मिनिटे निवू द्यावा, कारण गरम व्हॉल्व्ह हादऱ्याने लवकर मरतो. प्रवासानंतर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत घट्ट आहेत ना, ते हाताने चाचपून पाहावे. वातानुकूलित गाडीतून पावसाळी हवेत आणलेल्या ॲम्पवर दव धरते, त्याला अर्धा तास सुकू द्यावे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत जॅक आणि स्विच लवकर गंजतात, तेथे दर महिन्यास सर्व छिद्रांत केबल अनेक वेळा घालून काढावी. दिमतीच्या पिशवीत दोन फ्यूज, एक स्पीकरची केबल, दोन गिटारच्या केबली, एक लहान केबल, संगणकाच्या वायरीसारखी तीन पिनांची जादा वीजवाहिनी, मल्टिमीटर, विजेरी आणि दोन लहान व्हॉल्व्ह असावेत. त्यांचे ओझे फारसे होत नाही.

आणि कारागीर आधीच शोधून ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात, आणि व्हॉल्व्हचे रेडिओ ज्यांच्या हाताखालून गेले आहेत अशांचा पत्ता तेथेच चौकशी केल्यास लागण्याचा संभव अधिक. त्याच्याकडे जाताना 'ॲम्प बिघडला' एवढेच सांगू नका. दोष केव्हा आला, केबल काढल्यावर राहिला की गेला, 'रिटर्न'मधून आवाज आला की नाही, हे एका वहीत लिहून न्या. पुढच्या कार्यक्रमाची वाट न पाहता आजच आपला ॲम्प भिंतीपासून ओढा, मागे छापलेले व्होल्ट, ओहम आणि फ्यूजचे आकडे त्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या, आणि प्लगची तिसरी पिन जागेवर आहे की नाही ते पाहा.